विश्लेषण : मंजूर भार वाढला, एमसीबीही मोठा बसवला… पण मीटरपासून घरापर्यंतच्या वायरचे काय?

उन्हाळा सुरू झाला की इमारतींच्या मीटर रूममध्ये एक ठरावीक प्रसंग घडतो. रात्री साडेदहाच्या सुमारास एका घराची वीज जाते, बाकी घरांची असते. खाली जाऊन पाहावे तर एमसीबी पडलेला. तो वर केला की अर्ध्या तासाने पुन्हा पडतो. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येतो, ३२ अँपिअरचा एमसीबी काढून ४० चा बसवतो आणि प्रश्न मिटतो. घरातले खूश, इलेक्ट्रिशियनही खूश.

खरे तर प्रश्न तिथून सुरू होतो. एमसीबी बिघडला म्हणून पडत नव्हता. वायरला झेपत नाही, हे तो सांगत होता. आता त्याला गप्प केले आहे आणि वायर मात्र जुनीच आहे.

दुसरा एसी, इंडक्शन शेगडी आणि विजेवर चालणारी गाडी या तीन गोष्टींमुळे शहरी घरांचा वीजभार गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढला. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून, मोबाइल ॲपवरून घरबसल्या करता येतो. बिलावरचा ३ किलोवॅटचा आकडा ६ किंवा ८ होतो. पण आकडा बदलल्याने भिंतीतली तांब्याची तार जाड होत नाही. ती किती जाड हवी, हे ठरते कसे आणि ठरवायचे कोणी?

वायर कोणाची?

विजेच्या खांबापासून किंवा फीडर पिलरपासून इमारतीत येणारी सर्व्हिस केबल वीज कंपनीची. कंपनीचा कटआऊट जिथे बसवलेला असतो, त्याच्या बाहेर जाणाऱ्या टोकापर्यंत कंपनीची जबाबदारी. भार वाढवून मागितला, तर तिथपर्यंतची केबल पुरेशी आहे का, हे कंपनी तपासते. गरज असेल तर आयोगाने मान्य केलेल्या दरपत्रकाप्रमाणे शुल्क घेऊन ती बदलते.

त्याच्या पुढचे सगळे ग्राहकाचे. बंगल्यात हे अंतर दोन-चार मीटरचे असते, त्यामुळे फार बिघडत नाही. इमारतीत मात्र मीटर तळमजल्यावर आणि घर पाचव्या मजल्यावर. मधली वीस-तीस मीटरची वायर, जिला इलेक्ट्रिशियन सबमेन म्हणतात, जिन्याजवळच्या डक्टमधून इतर घरांच्या वायरींसोबत वर जाते. ती बिल्डरने टाकलेली असते. घराचे नूतनीकरण करताना आतले वायरिंग नवे होते, स्विच बदलतात, फॉल्स सीलिंग येते, पण डक्टमधल्या या तुकड्याकडे कोणी पाहत नाही. वीज कंपनी म्हणते ही आमची नाही. सोसायटी म्हणते ही फ्लॅटधारकाची. फ्लॅटधारकाला ती आहे हेच ठाऊक नसते. घरातला सगळा वीजप्रवाह मात्र तिच्यातूनच येतो.

जुन्या इमारतींत तर तिची जाडी सांगणेही सोपे नाही. वयस्कर इलेक्ट्रिशियन आजही ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशी भाषा बोलतात. सात-वीस म्हणजे वीस गेजच्या सात तारा, आजच्या हिशेबात साधारण साडेचार चौरस मिलिमीटर. तीन-वीस म्हणजे जेमतेम दोन. पंख्या-दिव्यांच्या आणि एखाद्या फ्रिजच्या काळात हे भरपूर होते. काही जुन्या इमारतींत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमही आढळते. त्याच जाडीची ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांश प्रवाहच सुरक्षितपणे नेऊ शकते.

घराला खरोखर किती वीज लागते?

समजा, पुण्यातल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर दोन बेडरूमचे घर आहे. घरातल्या सगळ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज केली तर ती सहज १० किलोवॅटवर जाते. पण सगळे एकदम चालत नाही. मे महिन्यात रात्री गिझर बंद असतो, इस्त्री आणि मिक्सर एकाच वेळी सुरू नसतात. म्हणून हिशेब बेरजेचा करायचा नाही, सर्वांत वाईट तासाचा करायचा.

तो तास रात्री नऊचा धरू. दीड टनाचे दोन एसी मिळून ३ किलोवॅट, इंडक्शन २, वॉशिंग मशीन अर्धा, फ्रिज-पंखे-टीव्ही-दिवे मिळून ०.६. एकूण ६.१ किलोवॅट. २३० व्होल्टने भागले की साडेसव्वीस अँपिअर. (काटेकोरपणे पॉवर फॅक्टरही धरावा लागतो, त्याने हा आकडा आणखी एक-दीड अँपिअरने वाढतो. इथे तो सोडून देऊ.)

आता यात गाडीचा चार्जर मिळवा. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरचा चार्जर ३.३ किलोवॅट घेतो, म्हणजे आणखी सव्वाचौदा अँपिअर. भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा चार्जर घेतला तर ३२ अँपिअर. आणि गाडीच्या बाबतीत ‘सगळे एकदम चालत नाही’ ही सवलत घेता येत नाही. एसीचा कॉम्प्रेसर तापमान आले की विसावतो. गाडी सहा-सात तास सलग, पूर्ण प्रवाह ओढते. तीही नेमकी रात्री, एसी चालू असतानाच.

साडेसव्वीस अधिक सव्वाचौदा म्हणजे जवळपास ४१ अँपिअर. महाराष्ट्रात सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअरची आहे. एक साधा चार्जर आला आणि दोन एसींचे घर थ्री फेजच्या उंबरठ्यावर आले.

तक्त्यातला आकडा आणि डक्टमधले वास्तव

दुकानात विचारले तर उत्तर तयार असते : ‘चार एमएम टाका, तीस-बत्तीस अँपिअर आरामात घेते.’ ते खोटे नाही. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या वायरीला, भिंतीवरच्या पाइपातून जात असताना, ४ चौरस मिलिमीटरला ३२, ६ ला ४१, १० ला ५७ आणि १६ ला ७६ अँपिअर दिलेले आहेत.

पण तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत दोन अटी असतात. भोवतालचे तापमान ३० अंश आणि पाइपात ही एकच जोडी. आपल्या डक्टमध्ये दोन्ही अटी मोडतात.

पीव्हीसीचे आवरण ७० अंशांपर्यंत टिकते. वायर स्वतः तापते ती भोवतालच्या तापमानाच्या वर. म्हणजे बाहेर जितके गरम, तितकी तापायला जागा कमी. ४० अंशांना तक्त्यातला आकडा ०.८७ ने गुणायचा, ४५ अंशांना ०.७९ ने. आणि शेजारी आणखी दोन घरांच्या भरलेल्या वायरी एकाच पाइपात असतील, म्हणजे तीन जोड्या एकत्र असतील, तर पुन्हा ०.७ ने. कारण प्रत्येकीची उष्णता दुसरीला शेकते.

आपल्या पुण्याच्या घराला हे लावून पाहू. ४ चौरस मिलिमीटरचे ३२ अँपिअर घसरून साडेएकोणीस होतात. ६ चे ४१ वरून २५. घराची गरज साडेसव्वीस. म्हणजे दुकानात भरपूर वाटणारी ६ ची वायरही इथे काठावर नापास होते. १० चौरस मिलिमीटरचे ५७ वरून पावणेपस्तीस होतात. ती पास. (हा हिशेब गाडी सोडून केला आहे. चार्जरची केबल मीटरपासून थेट पार्किंगमध्ये जाते, वर घरात नाही.)

हेच घर नागपूर किंवा चंद्रपुरात असेल आणि डक्ट पश्चिमेच्या भिंतीला असेल, तर ४५ अंशांच्या हिशेबाने १० ची वायर साडेएकतीसवर येते. ३२ च्या एमसीबीमागे तीही अपुरी. तिथे १६ ची वायर टाकावी लागेल, नाहीतर घरातला भार आवरून एमसीबी २५ चा करावा लागेल. एकाच नकाशाचे घर, एकच बिल्डर, पण शहर बदलले की वायर बदलायला हवी. प्रत्यक्षात किती ठिकाणी बदलते, हे वाचकांनी आपल्या मीटर रूममध्ये पाहावे.

भारतीय कंपन्यांच्या माहितीपत्रकांत कधी ३० तर कधी ४० अंश गृहीत धरलेले असतात. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे थेट ताडून पाहू नयेत. आणखी एक गैरसमज ‘एफआर’ किंवा ‘एफआरएलएस’ या शिक्क्यांचा. हे शिक्के आग पसरू नये, धूर कमी व्हावा यासाठी आहेत. त्याने वायर जास्त प्रवाह नेऊ लागत नाही.

३२ चा एमसीबी ३३ ला का पडत नाही?

अभियांत्रिकीच्या परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक नियम इथे कामाचा आहे. घराचा प्रवाह एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी हवा आणि एमसीबीचा आकडा वायरच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमी हवा. आपल्या उदाहरणात साडेसव्वीस, मग ३२, मग पावणेपस्तीस. क्रम बरोबर बसतो. वायर आधी ठरते, एमसीबी तिच्या मागून येतो. एमसीबी बदलून क्षमता वाढवणे म्हणजे बाटली तीच ठेवून बूच मोठे लावणे.

त्यात एमसीबी हा काटेकोर पहारेकरी नाही. मानकानुसार तो स्वतःच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तासभर तरी पडू नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर निवांतपणे जाऊ देतो आणि ४६ ला पडायलाही त्याला तासभर लागू शकतो. ४० चा बसवला तर हेच आकडे ४५ आणि ५८ होतात. आता डक्टमधल्या, खऱ्या अर्थाने साडेएकोणीस अँपिअर पेलणाऱ्या ४ च्या वायरीचा विचार करा. ती दुप्पट प्रवाह वाहत राहील आणि खाली एमसीबी शांत असेल. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

आवरण लगेच वितळत नाही, हीच अडचण आहे. ते हळूहळू कडक होते, तडकते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. तीस वर्षे टिकणारी वायर मग सात-आठ वर्षांतच ठिसूळ होते. नंतर कधीतरी बातमीत एकच शब्द येतो : ‘शॉर्टसर्किट’. शॉर्टसर्किट का झाले, हे बातमीत क्वचितच असते. (हा आमच्याच धंद्याचा दोष आहे.)

लांबीचा मुद्दा : गाडी पार्किंगमध्ये, मीटर दुसऱ्या टोकाला

वायर न तापताही अपुरी ठरू शकते, लांबीमुळे. समजा मीटर रूमपासून पार्किंगची जागा ४० मीटरवर आहे आणि चार्जर ७.४ किलोवॅटचा, म्हणजे ३२ अँपिअरचा. वीज जाते आणि परत येते, म्हणून लांबी ८० मीटर धरायची.

६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पूर्ण तापलेली असताना या अंतरात सुमारे साडेनऊ व्होल्ट गमावते. २३० च्या हिशेबात चार टक्क्यांहून थोडे जास्त. मीटरपासून उपकरणापर्यंत पाच टक्क्यांच्या आत राहावे, दिव्यांसाठी तीन, असा मानकांचा सल्ला आहे. म्हणजे ६ ची वायर इथे कशीबशी बसते. पण वीज कंपनीकडूनच संध्याकाळी २१५ व्होल्ट येत असतील, तर चार्जरपर्यंत २०५ च पोहोचतील. १० ची वायर टाकली तर तूट साडेपाच व्होल्टवर येते.

या गमावलेल्या व्होल्टचे काय होते? त्यांची उष्णता होते. ६ च्या वायरीत हा तोटा सुमारे ३०० वॅटचा आहे, १० च्या वायरीत १८०. फरक छोटा दिसतो. पण ही वायर मीटरच्या पुढे आहे, त्यामुळे तापण्याचे बिलही तुम्हीच भरता, रोज रात्री सहा तास. १० च्या वायरीत ६ च्या तुलनेत दोन तृतीयांश तांबे जास्त असते, किंमतही त्याच प्रमाणात चढते. मजुरी मात्र तीच. डक्ट एकदा उघडणार असाल तर पातळ वायरीवर पैसे वाचवण्यात फारसा शहाणपणा नाही, असे माझे मत.

चार्जरसाठी आणखी दोन गोष्टी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतच आहेत. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवे आणि ३० मिलिअँपिअरच्या आत पडणारे आरसीडी, म्हणजे दुकानात आरसीसीबी म्हणून मिळणारे उपकरण हवे. घरातून खिडकीवाटे खाली सोडलेली एक्स्टेंशन बोर्डाची वायर यात बसत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मग थ्री फेज घ्यावे का?

९-१० किलोवॅटच्या पुढे दुसरा मार्गच नाही. त्याचा फायदाही मोठा आहे. १० किलोवॅट सिंगल फेजवर ४३ अँपिअर होतात. थ्री फेजवर सारखे वाटले तर प्रत्येक तारेत साडेचौदा. वायर पातळ चालते, तूट कमी होते. पण ‘सारखे वाटले तर’ याला महत्त्व आहे. दोन्ही एसी आणि इंडक्शन एकाच फेजवर ठेवले, तर त्या एका तारेवर पुन्हा बावीस अँपिअरच्या आसपास येतात आणि उरलेल्या दोन रिकाम्या बसतात. बिलातला स्थिर आकार थ्री फेजला बराच जास्त असतो, हेही अर्ज करण्यापूर्वी पाहून ठेवावे.

थ्री फेजमधला खरा धोका न्यूट्रलचा. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधून फारसा प्रवाह जात नाही, म्हणून तो पातळ चालतो अशी जुनी समजूत. त्यातूनच ‘साडेतीन कोअर’ केबल आली, म्हणजे तीन जाड तारा आणि एक निम्मी. घरात भार कधीच सारखा नसतो. त्यात एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी, चार्जर अशी उपकरणे प्रवाहाचा आकारच बिघडवतात आणि त्यातला काही भाग तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन साठतो. म्हणून घरासाठी न्यूट्रल फेजइतकाच जाड घ्यावा. आणि तो सुटला तर? एका फेजवरच्या टीव्ही-फ्रिजला २३० ऐवजी ३५०-४०० व्होल्टपर्यंत दाब बसू शकतो. ‘न्यूट्रल उडाला आणि इमारतीतले सगळे टीव्ही गेले’ ही गोष्ट प्रत्येक सोसायटीत कोणीतरी सांगतेच. बहुतेक वेळा ती सैल स्क्रूची गोष्ट असते.

ॲल्युमिनियमची सर्व्हिस केबल आणि तांब्याची वायर जिथे जोडली जाते, तिथे हा स्क्रू जास्त त्रास देतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, गरम-थंड होताना ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि जोड ढिला पडतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेला बायमेटॅलिक लग न वापरता नुसते पीळ देऊन टेप गुंडाळला असेल, तर पुढची वायर कितीही जाड असली तरी ती जागा जळणार. मीटर बोर्डावर तपकिरी डाग, एमसीबीच्या टोकाला करपलेला वास, एसी सुरू होताना दिवे मंद होणे या खुणा दिसल्या तर उन्हाळा संपायची वाट पाहू नये.

स्मार्ट मीटर आणि न मागता वाढलेला भार

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, स्मार्ट मीटरवर नोंदलेली कमाल मागणी आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मंजूर भाराच्या वर गेली, तरच त्या आधारे भार वाढवता येतो. स्मार्ट मीटर लावण्यापूर्वीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हे संरक्षण आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. आधी भार वाढवायचा तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागायचा, त्या निमित्ताने कोणीतरी वायरिंग पाहण्याची शक्यता तरी असायची. मीटरनेच नोंद केली आणि बिलावरचा आकडा आपोआप बदलला, तर वायर पाहायला कोण येणार? अशा बदलाची सूचना बिलावर आली, तर ती सबमेन तपासण्याची सूचना आहे असे समजायला हरकत नाही.

उलट त्याच मीटरचा उपयोगही होतो. कमाल मागणीचा खरा आकडा हातात मिळतो. सर्वांत वाईट तासाचा अंदाज बांधत बसावे लागत नाही.

एका घराचा नाही, चोवीस घरांचा हिशेब

चोवीस घरांची इमारत घ्या, प्रत्येकी ३ किलोवॅट मंजूर. सगळे मिळून ७२ किलोवॅट. आता त्या इमारतीत दहा जणांनी ७.४ किलोवॅटचे चार्जर बसवले. ७४ किलोवॅट. दहा गाड्या म्हणजे आख्खी दुसरी इमारत, तीही रात्रभर सलग चालणारी. सुरुवातीच्या दोन-तीन गाड्यांना इमारतीची मुख्य केबल निभावून नेते. सहावा-सातवा अर्ज आला की सोसायटीत भांडण सुरू होते, कारण केबल बदलण्याचा खर्च त्याच्याच डोक्यावर येतो.

फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी घेण्याची मुभा स्पष्टपणे दिली आहे. महाराष्ट्रात चार्जिंग स्टेशनसाठी वेगळी दरवर्गवारी आहे, आणि घरच्या मीटरवर घरगुती दरानेही चार्ज करता येते. सोसायटीने पार्किंगसाठी एकच वेगळी जोडणी आणि एकच जाड केबल घेतली, तर चार्जर आपापसांत वीज वाटून घेणारे बसवता येतात. दहा गाड्यांना मिळून २२ किलोवॅट दिले तरी आठ तासांत प्रत्येकीला सतराहून अधिक युनिट मिळतात, आणि शहरात रोजच्या फिरण्याला ते पुरतात. ७४ किलोवॅटसाठी तिन्ही फेजवर सव्वाशेच्या आत पण शंभराच्या वर अँपिअर पेलणारी केबल लागली असती, २२ साठी ३२ अँपिअरची पुरते.

तोवर आपल्या घरापुरते एवढे करता येईल : बिलावरचा मंजूर भार, मीटर रूममधल्या आपल्या एमसीबीवरचा आकडा आणि त्यातून निघणाऱ्या वायरीच्या आवरणावर छापलेली जाडी, या तिन्हींचे फोटो काढा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दाखवा. डक्टमध्ये सोबत किती वायरी आहेत आणि अंतर किती, हेही सांगा. हे दोन प्रश्न न विचारताच ‘चार एमएम पुरे’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका.